बँड सुटला तरी गळा असतोच
बँड सुटला की गायक संपला, असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. गायक ब्लेझ बेली १९९४ ते १९९९ आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल (दणदणीत रॉक) बँडमध्ये होता, दोन अल्बम गायला. नंतर स्वतःच्या नावावर छोट्या क्लबांतही गात राहिलाच ना.

एप्रिलात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका कॅफेत असाच एक जण ऐकला, पूर्वी मेटल बँडमध्ये गायचा. जेमतेम चाळीस खुर्च्या, हातात साधी गिटार. दुसऱ्याच गाण्यात माईक बंद पडला, तर गडी तसाच गायला. कुणीतरी उठून कूलर बंद केला. मग त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, गळ्याची फुगलेली शीर दिसत होती. डिस्टॉर्शनखाली, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या त्या खरखरीत आवाजाखाली, हे सगळं दबून जातं हो! ओरडायच्या जागी तो खर्जात उतरला आणि अंगावर काटा आला. पुन्हा आला तर मी पहिल्या रांगेत.