जॅझ बेसचे पिकअप बदलू का?

खर्जप्रेमी:
पंधरा वर्षं कपाटावर पडलेली बेस गिटार परवा खाली काढली. फेंडरच्या जॅझ बेसची नक्कल आहे: तारांचं कंपन पकडणारे दोन सिंगल-कॉइल (एकेका वेटोळ्याचे) पिकअप, दोन व्हॉल्युम, एक टोन. तारा चढवल्या, अँपला लावला आणि उत्साहच मावळला. मानेकडचा पिकअप वाजतो, पण ढब्ब. ब्रिजकडचा (तारा खाली अडकवतात त्या टोकाचा) म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावलाय, असा बारीक आणि पत्र्यासारखा. वर सतत घूंऽऽ. तारांवर हात ठेवला की कमी होते, उचलला की परत. दोन्ही व्हॉल्युम फुल केले तरी तेच. अल्निको ५ चुंबकांच्या पिकअपचा नवा सेट घ्यावा म्हणतोय. सोल्डरिंग शाळेत एकदा केलंय, तेव्हा बेल वाजली नव्हती. कोणता घेऊ?

चारतारी:
घ्या डोळे झाकून. मी सिरॅमिक चुंबकांचे काढून अल्निको बसवले, आवाजाची बोचरी धार गेली. फक्त मापं घ्या. जॅझच्या सेटमध्ये मानेकडचा पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा तीनेक मिलीमीटर आखूड असतो, नकलांमध्ये मात्र बऱ्याचदा दोन्ही सारखे. मी न मोजता मागवले आणि एक अख्खा रविवार कानस घेऊन लाकूड खरवडत बसलो. ती खाच अजून बघवत नाही.

सोल्डरवाली:
थांबा हो, आधी मोजा. तुमच्या प्रश्नातच एक गोम आहे. १९५७ नंतरच्या फेंडरच्याच प्रिसिजन बेसमध्ये एकाच पिकअपचे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध गुंडाळलेले असतात, म्हणून तो गप्प असतो. जॅझमध्ये तेच काम दोन पिकअप मिळून करतात. दोन्ही व्हॉल्युम फुल असले की एकाची घूं दुसऱ्याच्या घूंला खाते. तुमच्याकडे खात नाही, आणि त्यातला एक पत्र्यासारखा वाजतोय. मला तरी तो पिकअप जागेवर असून गैरहजर वाटतोय. (हात ठेवल्यावर घूं कमी होते, म्हणजे ब्रिजखालची अर्थची वायर शाबूत आहे. ती काळजी नको.)

बेस न उघडता बघता येईल. केबल बेसमध्ये राहू द्या, दुसरं टोक अँपमधून काढा. मल्टिमीटर २०० किलोओहमवर ठेवून एक काडी पिनच्या टोकाला, दुसरी दांड्याला लावा. एक व्हॉल्युम फुल, दुसरा शून्य. मग उलट. धड पिकअप साधारण ७ दाखवेल.

खर्जप्रेमी:
मान ७.१. ब्रिज १२४! इतका दणकट पिकअप असतो?

सोल्डरवाली:
दणकट कसला, तो सर्किटमध्येच नाहीये. तुम्ही नुसते पॉट (व्हॉल्युमच्या बटणांखालचे रोध) मोजलेत. २५० किलोओहमचे दोन समांतर, म्हणजे १२५ च्या आसपास. तुटलेली कॉइलही थोडी कुजबुजते, तोच तुमचा रेडिओ. आता उघडा आणि थेट पिकअपच्या दोन वायरींवर मोजा. तिथे ७ आलं तर टाका सुटलाय. नाही आलं तर कॉइल गेली. आतली तार केसासारखी बारीक असते, ओढून बघू नका.

चारतारी:
'डोळे झाकून' मागे घेतो. पण कॉइल गेली असेल तर एकटा ब्रिजचा घेऊ नका, जोडीच घ्या. दुसऱ्या बनावटीचा पिकअप जुन्याशी उलट फेजमध्ये (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) निघाला तर दोन्ही मिळून नाकात बोलल्यासारखे वाजतात. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करून ते सुधारतं, पण मग घूं मरेलच असं नाही.

खर्जप्रेमी:
उघडला. पिकअपच्या वायरींवर ७.३. काळी वायर पॉटच्या पाठीला नुसती टेकली होती, बोट लावताच हातात आली. खालचं सोल्डर राखाडी, ढेकळासारखं. परत डाग द्यायला तीन वेळा लागले, पॉटची पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते. आता दोन्ही फुल केले की घूं गायब. एक जरा खाली आणला की हजर. आणि ब्रिजवाला आता मानेकडच्यावर ओरडतोय.

सोल्डरवाली:
एक खाली आणल्यावर घूं येणारच, जॅझ तसाच असतो. ओरडणाऱ्याला स्क्रूने खाली घ्या, एका वेळी अर्धाच फेरा. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली पिकअपपर्यंत तीनेक मिलीमीटर अंतर, बारीक तारेखाली अडीच, तिथून सुरुवात करा आणि पुढचं कानाने ठरवा. मानेकडचा मात्र वर चढवत बसू नका. फार जवळ आला की चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर वाकडे लागतात.

नवा सेट सध्या राहू द्या. तो 'ढब्ब' मला अजून खटकतोय. चढवलेल्या तारा नव्या होत्या ना?

खर्जप्रेमी:
त्याही कपाटावरच्याच.