प्रति: गरिबांच्या प्रश्नावर धंदा?

तुम्ही म्हणता की गरिबांच्या प्रश्नावर धंदा उभा करणं म्हणजे शेवटी त्यांच्याच खिशात हात घालणं. मला हे सरसकट पटत नाही. मी सातारचा, म्हणून आमच्या माण तालुक्यातलं उदाहरण देतो.

म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला चार पैसे साठवायचे होते. पावसात पोरांच्या डोक्यावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, बस्स. तिला ना कर्ज हवं होतं, ना दान. पण एवढ्याशा रकमेसाठी खातं उघडायला बँक तयार नव्हती. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हांनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं, तर बँक काढणाऱ्या बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला. बायका लिहाय-वाचायला शिकल्या आणि अधिकाऱ्यांपुढे जाऊन म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँकच दारात जाऊ लागली. हे ऐकताना मला अजूनही भरून येतं.

तुमची भीती खोटी नाही, हेही मान्य. गरिबांना अगदी छोटी, म्हणजे सूक्ष्म कर्जं देणाऱ्या बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेला आणि तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना २००६ साली शांततेचं नोबेल मिळालं, आणि चारच वर्षांत आंध्रात सूक्ष्म कर्जाच्या वसुलीनं इतका हाहाकार उडाला की सरकारला अध्यादेश काढावा लागला. माझ्या मते फरक मालकीत आहे. सहकारी बँकेत कर्ज घेणारी बाई सभासदही असते, तिला मत असतं. नफा बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे जात असेल, तर मीही तुमच्याच बाजूनं बोलेन.