बाबूराव पटेलांना वगळून कसं चालेल?

फिल्मी मासिकांत चमचमीतपणा 'स्टारडस्ट'ने १९७१ मध्ये आणला, त्याआधी सगळं सोज्वळ होतं, असं कुणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. बाबूराव पटेलांचं 'फिल्मइंडिया' १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालं. त्यातली परीक्षणं आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं इतकी जहाल असत की आजही वाचताना दचकायला होतं. एका मराठी माणसाचं एवढं मोठं काम अशा चर्चांतून गळतं, याचं फार वाईट वाटतं.

सोज्वळ म्हणायचं तर ते १९५२ चं 'फिल्मफेअर'. नारी हिरांनी 'स्टारडस्ट' काढलं ते त्या अदबीला छेद देत. पहिल्याच अंकात राजेश खन्नाच्या गुप्त लग्नाची चर्चा! संपादक शोभा राजाध्यक्ष (पुढच्या शोभा डे), वय जेमतेम तेवीस. पण खरं नवेपण भाषेत होतं. इंग्रजीत बिनधास्त हिंदी मिसळायची, मैत्रिणीशी बोलावं तसं लिहायचं. ते श्रेय 'स्टारडस्ट'ला द्यायलाच हवं.

आमच्या इंदुरात, निदान रामबागेतल्या मराठी घरांत, जास्त वजन होतं ते 'माधुरी'ला. १९६४ मध्ये निघालेलं हे हिंदी पाक्षिक, संपादक अरविंद कुमार. आजीसमोर उघडं वाचता येई. 'स्टारडस्ट' कॉलेजातली मुलं वाचनालयातून आणून आपसांत फिरवत. १९७४ मध्ये 'मायापुरी' साप्ताहिक आलं. हिंदी पट्ट्यातल्या वाचकांबद्दल बोलायचं, तर या दोघांवर सविस्तर लिहायला हवं.