मेटफॉर्मिनची गोळी शौचातून अख्खी पडली; ती आत कुठे विरघळली हे कसे शोधतात?

प्रश्न (जुळे सोलापूर)
माझे वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची, औषध सावकाश सोडणारी गोळी घेतात. परवा त्यांना शौचात जवळजवळ अख्खी गोळी दिसली आणि औषध अंगी लागतच नाही, असे त्यांनी धरून ठेवले. साखर मात्र आटोक्यात आहे. गोळीचा पोटातला प्रवास प्रत्यक्ष पाहता येतो का?

उत्तर १ (औषध दुकानदार, सात रस्ता)
आमच्याकडे ही तक्रार नेहमीची आहे. अशा गोळीत औषध एका फुगणाऱ्या, बुळबुळीत पदार्थात मिसळलेले असते. ते हळूहळू पाझरून जाते आणि उरतो तो मऊ सांगाडा. गोळी फोडू किंवा चावू नये, नाहीतर दिवसभराचे औषध एकदम सुटते. ती रात्रीच्या जेवणासोबत घ्यावी, कारण मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते आणि पोट भरलेले असले की गोळी जठरात जास्त वेळ थांबते.

उत्तर २ (एम. फार्म.)
प्रयोगशाळेत साधारण 900 मिली द्रवात, 37 अंश सेल्सिअसला, फिरत्या पात्याखाली गोळी विरघळवतात. पण काचेचे भांडे आतड्यासारखे आकुंचन पावत नाही. म्हणून निरोगी स्वयंसेवकांना अत्यल्प किरणोत्सारी खूण घातलेली गोळी देऊन गॅमा कॅमेऱ्याने (अंगाबाहेर येणारे किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने) ठरावीक वेळाने चित्रे घेतात, आणि ठिपका पसरू लागला की गोळी फुटली असे समजतात. खुणेसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-99एम या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे 6 तास असल्यामुळे लांबच्या प्रवासाला जास्त टिकणारे समॅरियम-153 सोयीचे पडते: गोळीत आधी साधे, किरणोत्सारी नसलेले समॅरियम घालतात आणि तयार गोळीवर न्यूट्रॉनचा मारा करतात, म्हणजे गोळी बनवणारी यंत्रे किरणोत्सारी होत नाहीत. जठरातला मुक्काम जेवणावर ठरतो; लहान आतडे मात्र बहुधा तीन-चार तासांत ओलांडले जाते. तथापि कॅमेऱ्याला दिसते ती खूण, औषध नव्हे! त्यामुळे त्याच वेळी रक्ताचे नमुने घेऊन औषधाची पातळी पडताळावी लागते. तुमच्या वडिलांनाही दिसला तो सांगाडाच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. वडिलांसाठी अशी तपासणी सोलापुरात होईल का?

उत्तर २
तिची गरज नाही. ती नैतिकता समितीच्या परवानगीने होणाऱ्या संशोधनापुरती असते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करून घ्या आणि तो अहवाल वडिलांसमोर ठेवा.