गाण्यांच्या व्हिडिओत बाईचा चेहरा कुठं असतो?

गोदाकाठची, परभणी:
परवा गंगाखेडला एका हळदीला गेलते. डीजेवर अल्बमचं गाणं लागलं अन् जावेची नऊ वर्षांची पोरगी नाचायला लागली, नाचली छानच, पण मधीच मोबाईलकडं पाठ करून उभी राहिली अन् मान वळवून ओठ चावला. म्हणलं बाई असं काहून करायलीस, तर म्हणे, "काकू, गाण्यात तसंच हाय ना." रात्री ते गाणं बघितलं. पोरगा गातो, बुलेटवर बसतो, सगळं बोलतो. तिला एक ओळ नाही. नुसती कंबर, पाठ, पाय. मला नाचाचं वावडं नाही, आमच्याकडं लावणी आवडीनं बघतात. मग हेच काहून खटकायलंय?

लातूरचा एडिटर:
ताई, मी असलीच गाणी एडिट करतो. कपड्यात काही नाही, सगळं कॅमेऱ्यात आहे. पायापासून वर नेतात अन् चेहरा यायच्या आत कट, हिरोचा मात्र चेहऱ्याचा क्लोजअप. मागं एका गाण्यात त्या पोरीचा हसतानाचा शॉट लई सुंदर आलता, मी ठेवला, प्रोड्युसर म्हणाला काढ, पाठमोरा टाक, थंबनेलला बी तोच. काढला मी. नंतर तिचा मेसेज आला, दादा माझा चेहरा कुठंय, आईला लिंक पाठवायची होती. अजून उत्तर दिलं नाही तिला.

अंबाजोगाईकर:
लावणीचं म्हणाल तर तिथं बाई समोर बघते, अदा चेहऱ्यावर असते, बोल तिच्या तोंडी असतात (लिहिणारे शाहीर बहुतेक पुरुषच, अन् फडावरच्या बायांना समाजानं काय वागवलं तेही विसरू नका). लॉरा मल्वी या सिनेमाचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटिश बाईनं १९७५ मधे सिनेमाबद्दल हेच मांडलं, बघणारा पुरुष अन् बाई बघायची वस्तू, कॅमेराच त्या पुरुषाची नजर घेतो.

बीडचा_वाचक:
पण पोरी स्वतःहून काम करतात, पैसे घेतात, अन् व्ह्यूज आपणच देतो. सेन्सॉर काय करतंय?

अंबाजोगाईकर:
थेट युट्युबवर टाकलेल्या अल्बमला सेन्सॉर लागत नाही, ते थिएटरच्या सिनेमाला. बायकांच्या अश्लील चित्रणाविरुद्ध १९८६ चा कायदा आहे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद अन् २००० रुपयांपर्यंत दंड. पण चेहरा कापला म्हणून कोणतं कलम लावणार? अन् पोरगी स्वतःहून आली ती नाचायला, एडिटिंगच्या वेळी तिला कोण विचारतं?

गोदाकाठची, परभणी:
एडिटर दादा, तो हसतानाचा शॉट असंल अजून तर आधी तिला पाठवा. तिच्या आईला बघू द्या.