डेव्हिड त्रेझेगे: फ्रान्सने वाया घालवला, की जेवढा होता तेवढाच वापरला?

मैदानवेडा
फ्रेंच स्ट्रायकर त्रेझेगे: इटलीच्या युव्हेंटस क्लबसाठी ३२० सामन्यांत १७१ गोल. फ्रान्ससाठी ७१ सामन्यांत ३४. म्हणजे दोन्हीकडे साधारण दोन सामन्यांमागे एक. तरीही फ्रेंच स्ट्रायकरांची चर्चा निघाली की ऑन्री, कांतोना, पापें, फोंतेन यांची नावं आधी येतात आणि त्रेझेगेला ‘आयत्या पासवर गोल मारणारा’ म्हणून बाजूला सारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: बॉक्समधला (गोलपुढच्या चौकटीतला) त्याच्याइतका अचूक खेळाडू फ्रान्सकडे त्या पिढीत दुसरा नव्हता आणि त्याला धरून संघ बांधायचं धाडस कुठल्याच प्रशिक्षकाने दाखवलं नाही.

लेफ्टबॅक_३
असहमत. धाडस दाखवलं होतं, फळ मिळालं नाही. युरो २००४ मध्ये ऑन्री आणि तो जोडीने खेळले. क्रोएशियाविरुद्ध त्याने गोल केला, पण उपांत्यपूर्व फेरीत ग्रीसने फ्रान्सला १-० ने घरी पाठवलं. २००६ च्या विश्वचषकात टोगोविरुद्ध झिदान निलंबित होता, तेव्हा पुन्हा हीच जोडी उतरली. २-० जिंकलो, गोल व्हिएरा आणि ऑन्रीचे. झिदान परतला आणि प्रशिक्षक दोमेनेकने ऑन्रीला पुढे एकटं ठेवलं. त्याच रचनेने स्पेन, ब्राझील, पोर्तुगाल यांना हरवून अंतिम फेरी गाठली. यात अन्याय कुठला?

मैदानवेडा
२००२ चा विश्वचषक विसरलात. त्या मोसमात तो इटलीत २४ गोलांसह संयुक्त अव्वल होता, ऑन्री इंग्लंडमध्ये अव्वल, सिसे फ्रान्समध्ये. तीन लीगचे अव्वल गोलवीर एका संघात!

लेफ्टबॅक_३
आणि तीन सामन्यांत संघाचे गोल शून्य. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं.

कर्वे_रोड
दोघंही आकडे मांडताय, पण तो गोल कसे करायचा हे कुणी सांगत नाहीये. उत्तर तिथेच आहे.

त्रेझेगे उभा राहायचा तो लांबच्या सेंटरबॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) पाठीमागे, खांद्याच्या जरा बाहेर. बचावपटूला चेंडू आणि तो एकाच वेळी दिसू नयेत, एवढंच त्याचं गणित. विंगर (बाजूने धावणारा खेळाडू) गोलरेषेपर्यंत पोचला की सेंटरबॅक मान वळवून चेंडूकडे बघतो. त्या क्षणी हा जवळच्या पोस्टकडे दोन पावलं टाकायचा, बचावपटूला ओढायचा आणि मागच्या मागे मोकळ्या जागेत सरकायचा. मग पहिल्याच स्पर्शात फटका, उजवा पाय, डावा पाय किंवा डोकं. चेंडू थांबवून विचार करणं त्याच्या खेळात फारसं नव्हतंच.

हे बिघडतं कुठे? विंगरने एक स्पर्श जास्त घेतला की सेंटरबॅकला मागे वळून बघायला वेळ मिळतो. किंवा क्रॉस, म्हणजे बॉक्समध्ये टाकलेला पास, मैदानाच्या मधूनच आला की बचावपटू तोंड समोर ठेवून उभा असतो आणि त्याला सगळी हालचाल दिसते. म्हणून त्रेझेगेला दोन गोष्टी लागायच्या: गोलरेषा गाठणारी बाजू आणि शेजारी चेंडू धरून ठेवणारा दुसरा स्ट्रायकर. युव्हेंटसमध्ये बाजूला नेडव्हेड आणि शेजारी देल पिएरो होते. २००१ मध्ये झिदान माद्रिदला गेला आणि त्याच मोसमात याने ते २४ गोल केले, हेही ध्यानात घ्या. ५ मे २००२ ला उदिनेत दुसऱ्याच मिनिटाला त्याचा गोल आणि युव्हेंटस लीग विजेता. ८ मे २००५ ला मिलानच्या मैदानात देल पिएरोने ओव्हरहेड किकने चेंडू आत टाकला आणि याने हेडर मारला. लीगची लढत त्या एका गोलावर फिरली. (ते विजेतेपद पुढे काढून घेतलं गेलं, तो विषय वेगळा.)

फ्रान्सकडे मात्र ऑन्री होता, जो स्वतः डावीकडे सरकून तिथून आत यायचा. त्यामुळे डावी बाजू भरायची आणि क्रॉसऐवजी फटका यायचा. दोघंही उत्तम, पण एकमेकांना खाद्य पुरवणारे नाहीत. हा मेळाचा प्रश्न होता, गुणवत्तेचा नव्हे.

लेफ्टबॅक_३
हे पटलं. पण मग ‘वाया घालवला’ म्हणू नका. ज्याला दोन अटी लागतात, त्याच्या आधी प्रशिक्षक एकही अट न लागणारा निवडणारच. शिवाय मोक्याच्या पेनल्टी? २००३ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात पहिलीच मिलानचा गोलरक्षक डिडाने अडवली. २००६ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात, बर्लिनमध्ये इटलीविरुद्ध, क्रॉसबार.

ओंजळ
बर्लिनचं ओझं एकट्या त्याच्यावर टाकणं मला मान्य नाही, दादा. तो १०० व्या मिनिटाला रिबेरीच्या जागी आला. १०७ व्या मिनिटाला ऑन्री बाहेर, ११० व्या मिनिटाला झिदानला लाल कार्ड. त्यामुळे शूटआउटला (पेनल्टींनी निकाल लावताना) रिबेरी, ऑन्री, झिदान तिघेही मैदानात नव्हते. समोर बुफॉन, म्हणजे रोज सरावात त्याचे फटके बघणारा क्लबमधला सोबती. ओळखीच्या गोलरक्षकासमोर नेहमीची जागा टाळून वर मारावं वाटणं स्वाभाविक आहे. चेंडू बारला लागून रेषेबाहेर पडला. १९९८ च्या विश्वचषकात सां-देनीत याच इटलीविरुद्ध शूटआउटमध्ये त्याने गोल केला होता, तेव्हा वय फक्त २० होतं.

आणि रॉटरडॅम, २ जुलै २०००, इटलीविरुद्धचा युरो अंतिम सामना? ७६ व्या मिनिटाला तो बदली म्हणून आला. शेवटच्या क्षणी गोलरक्षक बार्तेझचा लांब फटका त्यानेच डोक्याने पुढे ढकलला आणि विल्टॉर्डने बरोबरी साधली. १०३ व्या मिनिटाला पिरेसने डावीकडून गोलरेषा गाठून चेंडू मागे दिला आणि याने डाव्या पायाने थेट जाळ्याच्या छतात मारला. कर्वे_रोड म्हणतात ती पद्धत, जशीच्या तशी.

मैदानवेडा
२००६ नंतर युव्हेंटस दुसऱ्या श्रेणीत गेलं, तेव्हा इब्राहिमोविच, कानावारो निघून गेले. हा थांबला, १५ गोल केले, संघ वर आला, पुढच्या मोसमात पहिल्या श्रेणीत २० गोल. तरी युरो २००८ साठी दोमेनेकने घेतलं नाही. तिथे मेळाचं कारण चालणार नाही.

लेफ्टबॅक_३
२००८ चं मान्य. तो निर्णय चुकीचाच होता.

कर्वे_रोड
मेळ चुकला की काय होतं, ते २०१४ ला बालेवाडीतही दिसलं. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमात एफसी पुणे सिटीकडून ९ सामने, २ गोल. वय ३७ होतं हे खरं, पण त्याला लागणारा गोलरेषेवरून मागे येणारा क्रॉस संघात क्वचितच यायचा. आणि रॉटरडॅमला तो पास देणारा पिरेस त्याच मोसमात एफसी गोवाकडून खेळत होता.