दुधाचे दात पडून गेल्यानंतरचं दूध : तुमचे अनुभव सांगा

अर्धापेला

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. फॉर्मवर तंबाखू आणि दारू यांच्या खालीच एक रकाना होता : ‘दूध, रोज किती?’ मी ‘एक पेला’ असं लिहिलं आणि थबकलो. त्रेचाळीस वर्षांचा घोडा झालोय, तरी झोपण्याआधी पेलाभर दूध पितो. आईने लावलेली सवय. ‘आता पुरे’ असं मला कुणी कधी म्हटलंच नाही.

मग थोडं वाचलं. आईचं दूध सुटलं की सस्तन प्राण्यांच्या आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम आटत जातं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायचं काम त्याचं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढ माणसांचंही असंच होतं. बाकीच्यांत ते टिकलं, कारण गुरं पाळायला लागल्यापासूनच्या दहाएक हजार वर्षांत त्यांच्या पूर्वजांच्या जनुकांत बदल झाले. त्यातला एक बदल नेमका कुठे आहे, हे फिनलंडच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. म्हणजे दूध पचवणारा मोठा माणूस हाच जरा विचित्र प्राणी, आणि न पचणाऱ्याला आपण म्हणतो, ‘याला काहीतरी त्रास आहे.’

तर तुमचं काय? टिकलं, सुटलं, की सोडून परत आलात? ‘दूध म्हणजे अमृत’ आणि ‘दूध म्हणजे विष’ हे दोन्ही फॉरवर्ड मला रोज येतात, ते इथे नकोत. पोटातलं, हाडातलं, रिपोर्टमधलं सांगा.

गुडगुड

नावावरून कळलंच असेल.

सकाळी आठला मोठा मग भरून कॉफी-दूध, रिकाम्या पोटी. साडेनऊला पोटात ढग गडगडायला लागायचे आणि दहाच्या मीटिंगमध्ये मी दाराजवळची खुर्ची पकडायचो. सहकाऱ्यांना वाटायचं, मला बॉसची भीती वाटते. दोन वर्षं मी ‘टेन्शनमुळे होतंय’ असंच धरून चाललो, कारण त्रास फक्त कामाच्या दिवशी व्हायचा. सुट्टीच्या दिवशी मी उशिरा उठून थेट जेवायचो आणि कॉफी नंतर घ्यायचो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

शेवटी श्वासाची तपासणी झाली. २५ ग्रॅम लॅक्टोज घातलेलं पाणी प्यायला देतात, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर दुधात असतं तेवढं. मग दर थोड्या वेळाने एका नळीत फुंकर मारायची. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू ती आंबवतात, हायड्रोजन तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि फुंकरीत सापडतो. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा वीसने वाढला तरी निदान होतं. माझा तिसऱ्या तासाला ऐंशीच्या पुढे गेला होता. नर्सबाई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही तर फुगाच आहात.’

खरी चूक मी त्यानंतर केली. रिपोर्ट हातात आला आणि दूध, दही, चीज सगळं एका दिवसात बंद. तीन वर्षं. दह्यातले जिवाणू थोडंफार लॅक्टोज स्वतःच फस्त करतात आणि मुरलेल्या चीजमध्ये ते जवळजवळ उरतच नाही, हे मला एका आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. वर म्हणाल्या, ‘रिपोर्टमध्ये ‘पचत नाही’ लिहिलंय, ‘थेंबही चालत नाही’ असं कुठे लिहिलंय?’ न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारशी तक्रार न होता चालतं. जेवणाबरोबर घेतलं तर आणखी सोपं जातं. आता अर्धा कप, तोही जेवणानंतर. दाराजवळची खुर्ची सुटली.

चांदणी

रात्री कोमट दूध प्यायल्याने झोप लागते म्हणतात. त्यातलं ट्रिप्टोफॅन, म्हणजे ज्याला झोपेचं श्रेय देतात ते द्रव्य, झोप आणण्याएवढं नसतं, हे मलाही माहीत आहे. पण गरम कप दोन्ही हातांनी धरला की फोन खाली ठेवावा लागतो. माझ्या झोपेचं औषध तेच.

सासुरवाशीण_जुनी

दुधाने माझं पोट कधीच बिघडलं नाही, थायरॉईड बिघडवलं. म्हणजे गोळी बिघडवली.

सकाळी उठल्या उठल्या गोळी आणि लगेच दूध घातलेला चहा, असा माझा क्रम. ‘रिकाम्या पोटी घ्या’ असं सांगितलं होतं, आणि पोट रिकामंच होतं की! चहा हे काय खाणं आहे? टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, काही खाली येईना. डोस दोनदा वाढवला. केस गळतायत, पाय जड झालेत आणि डॉक्टर दर वेळी विचारतायत, ‘गोळी चुकवत नाही ना?’ मला रडू यायचं. एक दिवस औषधाच्या दुकानातल्या मुलीने सहज विचारलं, ‘काकू, गोळी कशाबरोबर घेता?’ दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं, ते पुरतं शोषलंच जात नाही. आता गोळी पाण्याबरोबर, चहा तासाभराने, आणि कॅल्शियमची गोळी चार तास लांब. पुढच्या वेळी डोस कमी करावा लागला.

कटकट्या (वरच्या प्रतिसादाला)

डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिक्सचंही तेच. मी ‘पोटाला आधार’ म्हणून प्रत्येक गोळी दुधाबरोबर घेतली आणि पाच दिवसांनी ताप जसाच्या तसा.

मधली_सून

माझ्या सासऱ्यांचा थर्मास.

ऐन तरुणपणी त्यांना अल्सर झाला होता. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तासातासाला थोडं दूध घ्या. हे त्या डॉक्टरांच्या मनचं नव्हतं बरं का. शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ मध्ये दूध, साय आणि आम्ल मारणाऱ्या पुड्या असा आहार मांडला आणि पुढे कित्येक दशकं जगभर तो चालला. काहींच्या रक्तातलं कॅल्शियम त्यामुळे इतकं वाढायचं की मूत्रपिंडावर बेतायचं. दूध प्यायलं की जळजळ थोडा वेळ थांबते, हे खरंच. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पोटाला आणखी आम्ल सोडायला लावतात. तासाभरात पुन्हा जळजळ, पुन्हा दूध.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरेन या डॉक्टरांनी अल्सरमागचा जिवाणू वाढवून दाखवला. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी दोन वर्षांनी तो स्वतः पिऊन पाहिला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आमच्या बाबांना मात्र दोन आठवड्यांची अँटिबायोटिक्स मिळेपर्यंत साठी उलटली होती. त्या औषधांनी अल्सर गेला तो गेलाच.

थर्मास मात्र गेला नाही. स्टीलचा आहे, झाकणाचा आटा झिजलाय, बुडाला पोचा. आजही बाहेर पडताना बगलेत असतो. परवा विचारलं, ‘बाबा, आता कशाला?’ तर म्हणाले, ‘अगं, चाळीस वर्षं याने सांभाळलंय मला.’ यावर काय बोलणार?

खडा_टाकू

मुतखडा झाला तेव्हा पहिलं काम केलं ते दूध बंद. खडा कॅल्शियमचा आणि दुधात कॅल्शियम, हिशेब सोपा होता. दीड वर्षात दुसरा खडा.

युरॉलॉजिस्टनी कपाळावर हात मारला. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता. जेवणातलं ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमला चिकटलं तर शौचावाटे निघून जातं. कॅल्शियम कमी पडलं तर ते मोकळं सुटतं, रक्तात जातं आणि लघवीत येऊन खडा करतं. जवळपास ४५ हजार पुरुषांवरचा १९९३ चा एक मोठा अभ्यास आहे : आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांत खडे कमी निघाले. म्हणजे मी खड्याचा मित्र समजून त्याच्या शत्रूलाच घराबाहेर काढलं होतं. आता दूध जेवणाबरोबर, आणि पाणी भरपूर. (कॅल्शियमच्या गोळ्यांचं गणित वेगळं, ते डॉक्टरांना विचारा.)

सूरपेटी

गाते. पंचवीस वर्षं कार्यक्रमाच्या दिवशी दुधाला हात लावला नाही, कफ होतो म्हणून. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातच ६० जणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू देऊन त्यांचं नाक आणि दूध दोन्ही मोजलं होतं. जास्त दूध पिणाऱ्यांना जास्त शेंबूड आला नाही. दूध लाळेत मिसळलं की घशाला दाट लेप बसल्यासारखं वाटतं, तेवढंच. वाचून पटलं. तरी कार्यक्रमाच्या दिवशी अजूनही पीत नाही. भीतीला संदर्भ दाखवून चालत नाही.

धारोष्ण

माझं नाव टोमणा म्हणून वाचा.

‘उकळलं की दुधातला जीव जातो’ या मताचा मी होतो. दोन महिने कच्चं दूध प्यायलो. मग रोज संध्याकाळी ताप यायला लागला. सकाळी ठणठणीत, पाच वाजले की हुडहुडी आणि रात्री अंथरूण पिळून काढावं इतका घाम. कंबर अशी धरली की मोजे घालायला बायको लागायची. टायफॉईडचा, मलेरियाचा, टीबीचाही संशय घेऊन झाला. सातव्या आठवड्यात एका तरुण डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं, ‘दूध कसलं पिता?’ ब्रुसेलोसिस निघाला, म्हणजे जनावराच्या कच्च्या दुधातून येणारा जिवाणूंचा ताप. सहा आठवडे दोन-दोन अँटिबायोटिक्स.

दूध ७२ अंशांवर फक्त १५ सेकंद तापवलं की हे जिवाणू मरतात. पंधरा सेकंद! मी त्याचे साडेतीन महिने भरले. पाश्चरायझेशन आलं आणि दुधातून माणसाला होणारा क्षयही आटोक्यात आला, हे आता पाठ आहे. गरोदर बाईच्या घरात तर कच्चं दूध नकोच : लिस्टेरिया हा जिवाणू पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.

लेक

माझी आई, वय ७८. कवळी टोचते म्हणून चावणं सोडलं आणि दुधावर आली. दिवसाला दीड लिटर. आम्ही खूश, ‘आई दूध तरी घेते.’ मग जिना चढताना दम लागायला लागला. हिमोग्लोबिन ७.९. दुधात लोह नावापुरतं असतं, आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. पोट मात्र भरतं, म्हणून बाकी काही जात नाही. पूर्णान्न पूर्णान्न म्हणून तिला आम्हीच अर्धपोटी ठेवलं. आधी कवळी नवी केली.

बदामी

प्राण्यांचं दूध सोडून सहा वर्षं झाली, कारण पोटाचं नाही, मनाचं. सोडणाऱ्यांना एकच सांगते : सोयाच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, बदामाच्या दुधात अगदीच कमी. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. मी वर्षभर खोका न हलवता ओतत होते आणि तळाचा पांढरा गाळ विसळून टाकत होते. माझं कॅल्शियम सगळं सिंकला मिळालं. आणि बी-१२ ची गोळी लागतेच.

हाडवैद्य_नाही

आयुष्यभर रोज दोन पेले दूध. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाथरूममध्ये साधी घसरले आणि मनगट मोडलं. ‘अहो, तुम्ही तर दूध पीत होतात!’ असं निदान दहा जणांनी ऐकवलं, जणू मी चोरून ओतून देत होते.

स्वीडनमध्ये सुमारे ६१ हजार स्त्रियांवर झालेला २०१४ चा अभ्यास मुलीने दाखवला. तीन किंवा जास्त पेले पिणाऱ्यांत फ्रॅक्चर कमी नव्हतेच, उलट जास्त होते. दुधामुळेच झाले असं त्यावरून म्हणता येत नाही; हाडं कच्ची आहेत म्हणूनही कुणी जास्त दूध पीत असेल. माझ्या रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. ते नसेल तर पेल्यातलं ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात येतं आणि बरंचसं तसंच निघून जातं. शिवाय दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या. दूध बिचारं एकटं काय काय करणार?

डायलिसिसवाला

आमच्या यादीत पहिली काट दुधावर. त्यातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम आमच्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. दिवसाला अर्धा कप, बस. सगळ्यांना एकच सल्ला देणाऱ्यांनी आमच्या वॉर्डात एक चक्कर मारावी.

निवृत्त_परिचारिका

सगळे आपापल्या पेल्याचं सांगतायत, मी गावाचं सांगते. फिनलंडच्या उत्तर कारेलियात पन्नाशीच्या आतले पुरुष हृदयविकाराने पटापट जायचे. १९७२ मध्ये पेक्का पुस्का हे डॉक्टर आणि त्यांची मंडळी तिथे उतरली. तिथले लोक सायीचं दूध पेल्यामागून पेले प्यायचे आणि लोणी थापायचे. ‘दूध सोडा’ असं सांगितलं असतं तर हाकलून दिलं असतं. यांनी सांगितलं, साय काढलेलं घ्या. घरोघरच्या बायकांना धरलं, दूध-डेऱ्यांशी बोलले, सिगारेटी कमी करवल्या. पुढच्या चार दशकांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. श्रेय एकट्या दुधाचं नाही. पण पेला न काढता पेल्यातलं बदललं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मी नोकरीत तीस वर्षं ‘बंद करा’ म्हणत आले आणि कुणी बंद केलं नाही.

अर्धापेला

सगळं वाचलं, काही दोनदा. सासरेबुवांच्या थर्मासला नमस्कार सांगा.

परिचारिका ताईंचं वाचून काल रात्री उठलो आणि माझा ‘एक पेला’ मोजायच्या भांड्यात ओतला. ४१० मिली. कडेपर्यंत नव्हे, रोज भरतो तिथपर्यंत. सायीसकट दूध, म्हणजे चौदाएक ग्रॅम स्निग्ध, त्यातलं नऊच्या आसपास संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारं, दिवसभराचं सगळं खाऊन झाल्यावर. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवर गोल का केला होता ते कळलं. फॉर्मवर मी ‘एक’ लिहिलं होतं.

चांदणी

आत्ता माझा कप मोजला. ५२०. कप नाही तो, बादली आहे.